कॉर्पोरल फ्रेडी स्टॉवर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साउथ कॅरोलिनातल्या एका खेड्यातला कपाशीच्या शेतावर राबणारा पोरगा वयाच्या २२व्या वर्षी फ्रान्समध्ये लढताना मेला. त्याच्या शौर्याचं पदक ७२ वर्षांनी त्याच्या म्हाताऱ्या बहिणींच्या हाती आलं. ही गोष्ट ऐकली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढा उशीर का?" त्या प्रश्नाला खाली बरीच जागा दिली आहे. पण त्याआधीचं वाचल्याशिवाय ते उत्तर नीट कळणार नाही, म्हणून उडी मारू नका.

हा फ्रेडी स्टॉवर्स कोण?

अमेरिकेच्या ३७१व्या इन्फंट्री रेजिमेंटच्या 'सी' कंपनीतला कॉर्पोरल. हुद्दा आपल्या सैन्यातल्या नाईकाच्या तोडीचा, हाताखाली सात-आठ माणसं. जन्म १२ जानेवारी १८९६, सँडी स्प्रिंग्ज, अँडरसन काउंटी, साउथ कॅरोलिना. मृत्यू २८ सप्टेंबर १९१८, फ्रान्सच्या शँपेन भागात 'टेकडी १८८' या ठिकाणी. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी मेडल ऑफ ऑनर मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. हे पदक म्हणजे आपल्या परमवीर चक्रासारखं, त्याच्या वर तिथे दुसरं काही नाही.

घरची परिस्थिती कशी होती?

गुलामाचा नातू, एवढं सांगितलं तरी पुष्कळ कळतं. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन कुणी वाटली नाही. मालक तेच, शेतं तीच, आणि कालपर्यंतचे गुलाम आता वाट्याने नाहीतर मजुरीने त्याच कपाशीत. फ्रेडीही शेतमजूरच होता. लग्न झालेलं, एक लहान मुलगी.

त्या काळी साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त होते. तरीही १८९५ मध्ये राज्याने नवी घटना करून त्यांचा मतदानाचा हक्क जवळजवळ काढून घेतला होता. ज्याच्याकडे थोडाफार पैसा आला, त्याची वेगळीच पंचाईत. अँडरसनला लागूनच ॲबेव्हिल काउंटी आहे. तिथे अँथनी क्रॉफर्ड नावाचा मोठा कृष्णवर्णीय शेतकरी होता, चारशे एकरांहून अधिक जमिनीचा धनी. ऑक्टोबर १९१६ मध्ये सरकीच्या भावावरून त्याची एका गोऱ्या व्यापाऱ्याशी बाचाबाची झाली. भरदिवसा जमावाने त्याला मारहाण करून फासावर लटकवलं. सरकीच्या भावावरून! शिक्षा कुणालाच झाली नाही. फ्रेडी तेव्हा वीस वर्षांचा होता आणि पुढल्या वर्षी सरकार त्याला जगात लोकशाही वाचवायला बोलावणार होतं.

तो स्वतःहून भरती झाला का?

नाही, त्याची सक्तीची भरती. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली, मे महिन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि ५ जूनला २१ ते ३० वयाच्या पुरुषांना नाव नोंदवायला लावलं गेलं. नोंदणीचं कार्ड छापील होतं. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना होती, की नोंदणी करणारा आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. म्हणजे गठ्ठ्यातून कार्डं वेगळी काढायला ती वाचायचीही गरज नाही, नुसता अंगठा फिरवला की काम झालं. वर्णभेदाची एवढी नीटनेटकी कारकुनी व्यवस्था क्वचितच दिसते.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय रंगरुटांना छावणीत बोलावणं लांबवण्यात आलं, कारण वेचणीचे दिवस होते आणि मजूर गेले असते तर कापूस शेतातच राहिला असता. रेजिमेंट कागदावर ऑगस्ट १९१७ अखेरीस उभी राहिली, माणसं मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली. फ्रेडी ऑक्टोबरात कोलंबिया शहराजवळच्या कँप जॅक्सनमध्ये दाखल झाला.

कृष्णवर्णीयांना तेव्हा लढायला पाठवत होते का?

फारसं नाही. त्या युद्धात सुमारे ३,८०,००० कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. फ्रान्सला गेले त्यांतले बहुसंख्य बंदरावर जहाजं उतरवणं, रस्ते बांधणं, प्रेतं पुरणं या कामांना जुंपले गेले. प्रत्यक्ष लढाऊ तुकड्यांत साधारण ४०,००० जण. दक्षिणेतल्या राजकारण्यांना काळ्या माणसाच्या हाती बंदूक आणि अंगावर गणवेश ही कल्पनाच सहन होत नव्हती. मिसिसिपीचा सिनेटर वार्डामन तर सिनेटमध्ये उघडपणे याविरुद्ध बोलला.

३७१वी रेजिमेंट अशा वातावरणात, साउथ कॅरोलिनाच्याच भूमीवर, सक्तीने भरती केलेल्या दक्षिणी शेतमजुरांमधून तयार झाली. अधिकारी सगळे गोरे, कमांडर कर्नल पेरी माइल्स. कॉर्पोरल-सार्जंट एवढीच शिडी कृष्णवर्णीयांना मोकळी होती. फ्रेडी तिच्यावर वर्षाच्या आत चढला, तेव्हा माणूस हुशार असणार हे उघड आहे.

मग ही अमेरिकन पलटण फ्रेंच सैन्यात कशी गेली?

अमेरिकेचे सेनापती जनरल पर्शिंग यांचा हट्ट होता की अमेरिकन सैनिक अमेरिकन झेंड्याखालीच लढतील, ब्रिटिश-फ्रेंचांच्या सैन्यात ठिगळं लावायला मिळणार नाहीत. फ्रेंच मात्र चार वर्षांच्या लढाईने पार पिळून निघाले होते, माणसं मागत होते. पर्शिंगनी शेवटी चार रेजिमेंटा देऊ केल्या : ३६९, ३७०, ३७१ आणि ३७२. चारही कृष्णवर्णीय. या चारांची मिळून ९३वी डिव्हिजन होती म्हणे, पण ती डिव्हिजन म्हणून एकत्र कधी लढलीच नाही. ज्या तुकड्या स्वतःला नको होत्या त्या दोस्ताला देऊन टाकल्या, असं मी तरी याकडे बघतो.

३७१वी एप्रिल १९१८ मध्ये ब्रेस्ट बंदरात उतरली. मग त्यांच्या अमेरिकन रायफली काढून घेतल्या. फ्रेंच रायफल, फ्रेंच मशिनगन, फ्रेंच गॅस मास्क, फ्रेंच शिधा, डोक्यावर फ्रेंच शिरस्त्राण; अमेरिकन उरला तो फक्त गणवेश. महिनोन् महिने शिकलेली हत्यारं विसरून नवी हाताळायला शिकायची, तीही ज्याची भाषा येत नाही अशा उस्तादाकडून. ९३व्या डिव्हिजनचं दंडावरचं चिन्ह पुढे निळं फ्रेंच शिरस्त्राण हेच ठरलं.

त्यांना जनरल ग्वाबे यांच्या १५७व्या फ्रेंच डिव्हिजनमध्ये घातलं गेलं. तिचं चिन्ह लाल पंजा. तिच्यात तीन रेजिमेंटा : ३३३वी फ्रेंच, आणि ३७१ व ३७२ या अमेरिकन. उन्हाळाभर ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दँ शहराच्या वायव्येला आव्होकूर आणि व्हेरियेर या भागांत तीन महिन्यांहून अधिक काळ ही मंडळी खंदकांत होती.

फ्रेंचांनी त्यांना समानतेने वागवलं, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं, पण गोडगोड करून सांगितलं जातं. फ्रान्सच्या आफ्रिकेत वसाहती होत्या आणि तिथल्या सैनिकांना तो देश काही डोक्यावर घेऊन नाचत नव्हता. तरी गावातल्या दुकानात, खानावळीत, खंदकात अमेरिकन कृष्णवर्णीय सैनिकाला माणूस म्हणून वागणूक मिळत होती, ही त्याच्यासाठी नवलाई होती.

अमेरिकन सैन्याला हेच खुपलं. ऑगस्ट १९१८ मध्ये अमेरिकन मुख्यालयात नेमलेल्या कर्नल लिनार या फ्रेंच अधिकाऱ्याच्या सहीने एक गुप्त परिपत्रक निघालं. त्यात फ्रेंच अधिकाऱ्यांना सल्ला होता, की कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांबरोबर जेवू नका, हस्तांदोलन टाळा, गोऱ्या अमेरिकनांच्या देखत त्यांची फार स्तुती करू नका. युद्ध संपल्यावर कृष्णवर्णीय विचारवंत दू बॉइस यांनी ते मे १९१९ च्या 'द क्रायसिस' मासिकात छापून टाकलं, म्हणून आपल्याला ठाऊक. फ्रेडीची कंपनी टेकडी १८८ कडे निघाली तेव्हा या कागदाला दोन महिनेही झाले नव्हते.

'हार्लेम हेलफायटर्स' म्हणजे हेच का?

नाही. ती ३६९वी, न्यूयॉर्कची. तिच्याकडे नावाजलेला बँड होता, शहरी वर्तमानपत्रं होती, परतल्यावर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मिरवणूक निघाली. ३७१व्या पलटणीतली पोरं दक्षिणेतल्या खेड्यांतली, त्यांच्यावर लिहायला कोण बसलंय? दोन्ही ९३व्या डिव्हिजनच्याच, पण प्रसिद्धी सगळी शहराकडे गेली.

२८ सप्टेंबरला नेमकं काय घडलं?

म्यूज नदी आणि आर्गोन जंगलाच्या भागात दोस्तांचा जर्मनांवरचा मोठा हल्ला, म्हणजे म्यूज-आर्गोनचा हल्ला, २६ सप्टेंबर १९१८ ला सुरू झाला होता. आर्गोन जंगलाच्या पूर्वेला अमेरिकन, पश्चिमेला शँपेनमध्ये जनरल गुरो यांची चौथी फ्रेंच आर्मी, आणि तिच्यात लाल पंजावाली १५७वी डिव्हिजन. आर्दय गावाजवळ एक उंचवटा होता, नकाशावर त्याला नाव नाही, उंचीचा आकडा फक्त : १८८ मीटर. जर्मनांनी तिथे मशिनगनी आणि खंदकांच्या रांगा पक्क्या बसवल्या होत्या. शँपेनची जमीन खडूसारख्या पांढऱ्या मातीची. खणली की ताजा खंदक लांबूनही पांढरा दिसतो, आणि त्यावरून रांगणारा माणूसही.

२८ तारखेच्या हल्ल्यात 'सी' कंपनी सगळ्यांत पुढे होती. हल्ला सुरू होऊन काही मिनिटं झाली असतील, जर्मनांचा गोळीबार थांबला. माणसं खंदकाच्या कठड्यावर चढून हात वर करून उभी राहिली. शरण येताहेत असं वाटून अमेरिकनांनीही बंदुका थांबवल्या, आडोशातून बाहेर पडून कंपनी त्यांच्याकडे चालू लागली. शंभरेक मीटर अंतर उरलं तसे जर्मन झटकन पुन्हा खंदकात उतरले आणि मशिनगनी आणि उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. दोन बाजूंच्या गोळ्या एकमेकींना छेदतील अशा मशिनगनी लावलेल्या होत्या. मोकळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला लपायला जागाच नाही. निम्म्याहून जास्त कंपनी कामी आली किंवा जखमी झाली.

अशा वेळी पोटावर पडून राहणं हीच शहाण्या माणसाची पहिली प्रतिक्रिया. त्यात चूक काही नाही. स्टॉवर्सने पुढाकार आपल्याकडे घेतला. तो सरपटत पुढे निघाला, त्याच्या तुकडीतले उरलेले त्याच्या मागे. ज्या मशिनगनने कंपनीचा सर्वांत जास्त नाश चालवला होता तिच्याकडे ते गेले. झटापट झाली, मशिनगन बंद पडली, तिच्यावरचे सैनिक मारले गेले.

इथे थांबता आलं असतं. पण पुढे खंदकांची दुसरी रांग होती. तिच्याकडे सरपटत असताना त्याला मशिनगनच्या गोळ्या लागल्या, जखम जिवावरची. तरी तो रेटत राहिला, सोबत्यांना पुढे चला म्हणून ओरडत राहिला, आणि तसाच गेला. कंपनी मात्र थांबली नाही. टेकडी १८८ पडली.

हल्ल्याचा वरचा तपशील पदकाच्या अधिकृत प्रशस्तिपत्रातला आहे. प्रशस्तिपत्रांची भाषा नेहमी थोडी फुगलेली असते, तेवढी हवा मी काढून सांगितलं आहे. प्रसंगात मात्र भर घातलेली नाही.

शरण आल्याचं नाटक करणं युद्धाच्या नियमांत बसतं का?

बसत नाही. १९०७ च्या हेग करारात शत्रूला विश्वासघाताने मारण्यास बंदी होती. पण एक लक्षात ठेवा : खंदकाच्या एका टोकाचे लोक खरोखर शरण येत असतील आणि दुसऱ्या टोकाच्या मशिनगनवाल्याला ते मान्य नसेल, असंही त्या युद्धात घडायचं. प्रशस्तिपत्र एका बाजूचं आहे. मेलेल्यांना त्याने फरक पडला नाही.

रेजिमेंटचं एकूण किती नुकसान झालं?

२७ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर या दिवसांत लढाईत उतरलेल्या २,३८४ जणांपैकी १,०६५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यातले बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. रेजिमेंटने या काळात जर्मनांची तीन विमानं बंदुका आणि मशिनगनींनी पाडली, हे वाचून मी पुन्हा एकदा तपासलं. नोंद तशीच आहे. फ्रान्सने संपूर्ण रेजिमेंटला क्रॉस द गेर हे आपलं शौर्यपदक दिलं. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला, फ्रेडी गेल्यावर ४४ दिवसांनी.

मेडल ऑफ ऑनरसाठी शिफारस झाली होती, मग ते तेव्हाच का मिळालं नाही?

सैन्याचं अधिकृत उत्तर : शिफारशीचा कागद गहाळ झाला, तो कधी पुढे गेलाच नाही.

हे खोटंच आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. अमेरिकन रेजिमेंट, फ्रेंच डिव्हिजन, दोन सैन्यांच्या दोन भाषांतल्या फायली. अशा ठिकाणी कागद हरवणं सहज शक्य आहे. पण त्याच लढाईतले दुसरे कागद पोचले होते. 'सी' कंपनीचाच प्रायव्हेट बर्टन होम्स घ्या. जबर जखमी झालेला, स्वतःची ऑटोमॅटिक रायफल निकामी झाली तेव्हा गोळ्यांच्या वर्षावातून कंपनीच्या ठाण्यावर जाऊन दुसरी घेऊन आला आणि मरेपर्यंत चालवत राहिला. त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मरणोत्तर मिळाला, म्हणजे एक पायरी खालचं पदक. तेव्हा टपाल चालू होतं.

मोठं चित्र पाहिलं तर शंका वाढते. त्या युद्धासाठी अमेरिकेने सव्वाशेच्या आसपास मेडल ऑफ ऑनर दिली. कृष्णवर्णीयांना किती? एकही नाही. लढाऊ तुकड्यांत ४०,००० माणसं आणि त्यात एकसुद्धा लायक नव्हता, हे कुणाला पटेल? १९२५ मध्ये आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला आणि त्यात कृष्णवर्णीय माणूस जात्याच बुद्धीने आणि धैर्याने कमी, असा निष्कर्ष काढला. ज्या संस्थेचं मत असं, ती हरवलेली फाईल शोधायला माणूस कशाला बसवेल? माझं मत विचाराल तर कागद अपघाताने हरवला असेल, पण सात दशकं तो कुणी शोधला नाही, त्याला अपघात म्हणता येणार नाही.

मग १९९१ मध्ये कसं मिळालं?

राजकीय रेट्यामुळे. काँग्रेस म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले जोसेफ डिओगार्डी आणि मिकी लेलँड यांनी हा विषय लावून धरला : दोन्ही महायुद्धांत एकाही कृष्णवर्णीयाला हे पदक का नाही? डिओगार्डी रिपब्लिकन, लेलँड डेमोक्रॅट. सैन्याने १९८८ मध्ये शोध सुरू केला. १९९० मध्ये स्टॉवर्सची जुनी शिफारस सापडली, माणसं फ्रान्सला जाऊन घटनेची शहानिशा करून आली.

२४ एप्रिल १९९१ ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ते पदक फ्रेडीच्या दोन बहिणींकडे सोपवलं. एक ८८ वर्षांची, दुसरी ७७ ची. हिशेब करा : भाऊ गेला तेव्हा धाकटी चार-पाच वर्षांची होती. आखाती युद्ध नुकतंच संपलं होतं आणि सैन्यदलांतले सर्वांत वरचे अधिकारी होते कॉलिन पॉवेल, स्वतः कृष्णवर्णीय. समारंभाचा मुहूर्त राजकीयदृष्ट्या सोयीचा होता यात वाद नाही. म्हणून पदक खोटं ठरत नाही.

बाकीच्यांचं काय झालं?

३६९व्या रेजिमेंटच्या हेन्री जॉन्सनला ते २०१५ मध्ये मिळालं, ओबामांच्या हस्ते. दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीयांना जानेवारी १९९७ मध्ये क्लिंटन यांनी दिलं; सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर तेव्हा हयात होते.

फ्रेडीला घरी का आणलं नाही?

युद्धानंतर अमेरिकेने प्रत्येक कुटुंबाला निवड दिली : देह घरी आणायचा की तिथेच सैनिकी दफनभूमीत ठेवायचा. सुमारे ४६,००० परत आले, ३०,००० तिथेच राहिले. फ्रेडी आणि ३७१व्या रेजिमेंटचे त्याचे शंभराहून अधिक सोबती म्यूज-आर्गोन दफनभूमीत आहेत.

१९३० ते १९३३ या काळात सरकारने तिथे दफन केलेल्या सैनिकांच्या आयांना आणि विधवांना सरकारी खर्चाने कबर दाखवायला नेलं. त्यातही गोऱ्या बायका चांगल्या प्रवासी जहाजांतून, कृष्णवर्णीय बायका वेगळ्या, कमी दर्जाच्या जहाजांतून. अनेकींनी निषेध म्हणून जायला नकार दिला. दफनभूमीत मात्र कबरी वर्णानुसार वेगळ्या केलेल्या नाहीत, सगळे एकाच रांगेत. जिवंतपणी सैन्यातली ही विभागणी मोडायला १९४८ उजाडावं लागलं, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशापर्यंत.

आज त्याच्या नावाने काय आहे?

ज्या कँप जॅक्सनमध्ये तो कवायत शिकला, त्या आताच्या फोर्ट जॅक्सनमध्ये सैनिकांच्या निवासी संकुलाला त्याचं नाव आहे. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगमध्ये त्याच्या नावाची प्राथमिक शाळा आहे. अँडरसनमध्ये पुतळाही बसवला आहे.

तिथे जायचं असेल तर?

दफनभूमी रोमान्य-सू-मोंफोकाँ या गावाच्या पूर्वेला आहे, व्हर्दँपासून साधारण ४० किलोमीटर वायव्येला. प्रवेश फुकट, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ५. एकूण १४,२४६ कबरी, तेव्हा नुसतं फिरून स्टॉवर्स सापडणार नाही. अभ्यागत कक्षात नाव सांगा, कर्मचारी जागा दाखवतात. मेडल ऑफ ऑनर मिळालेल्यांच्या संगमरवरावरची अक्षरं सोनेरी असतात, रांगेत शिरल्यावर ती लगेच ओळखू येतात.

टेकडी १८८ तिथून पश्चिमेला, आर्गोनचं जंगल ओलांडून, आर्दय गावाजवळ. सार्वजनिक वाहन मिळेल या भरवशावर जाऊ नका, गाडी हवी. आता ती साधी शेतजमीन आहे. युद्धानंतर ३७१व्या रेजिमेंटने तिथे आपल्या मृतांची नावं कोरलेला दगडी स्तंभ उभारला. दुसऱ्या महायुद्धात त्याला तोफगोळ्यांचा मार बसला, त्याचं टोक तेव्हापासून तुटलेलं आहे. पावसाळी दिवसांत वाट चिखलाची असते, बूट त्या हिशेबाने घाला; आणि पीक उभं असेल तर बांधावरून चाला.